ज्याची त्याची खुर्ची

सोमवार, ४ मार्च

लिहीन लिहीन म्हणत थंडी गेली. वही घेतली तेव्हा पहिल्या पानावर एक वेल काढली, वेलीवर पक्षी बसवला. पक्ष्याचे पाय काही जमेनात म्हणून वही मिटली, ती आज उघडतेय. आळस, दुसरं काय. आज उघडली कारण डोक्यात एक किडा वळवळतोय आणि तो कुणाला सांगण्यासारखा नाही.

किडा असा — कारखान्यात सगळं गोड व्हायला लागलंय.

आधी कारखाना काय ते लिहिते, नाहीतर उद्या मीच वाचून विसरेन. लाकडी खुर्च्यांचा कारखाना. मिस्त्री आणि त्यांची माणसं सांगाडे करतात, पॉलिशमावशी पॉलिश करतात, मी वेताच्या पट्ट्या भिजवून बैठकी विणते. आणि इथला जुना नियम — खुर्चीत बसायचं नाही. विकायच्या खुर्चीत तर नाहीच, मोडक्यातही नाही. सुतार उभ्याने काम करणार. विणणाऱ्याला बसावंच लागतं, म्हणून त्याला पालथं खोकं. माझ्या आधीच्याचं होतं, आता माझं आहे. मधली फळी चिमटे काढते.

नियम मालकांचा. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी लागले त्याच्या आधीच ते आजारी पडून घरी बसले. पण त्यांचं बोलणं अजून भिंतींना चिकटलेलं आहे — "बसला तो विसावला, विसावला तो संपला." मिस्त्री हुबेहूब नक्कल करतात, घोगरा आवाज काढून. पण वर हेही म्हणतात, "स्वतःही बसायचा नाही हं. जेवायचासुद्धा उभ्याने. घोडाच."

आता त्यांची लेक बघते सगळं. आवाज चढत नाही, रागावली तरी "हो ना" म्हणते. मावशींनी नाव ठेवलंय साखरबाई. तर या साखरबाईंनी आज खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या उघडल्या. मला उजेडात स्वतःचे हात दिसले. बघवेनात.

गुरुवार, ७ मार्च

बाई एकेकाला विचारत फिरल्या, "तुम्हाला इथे काय त्रास होतो?"

असं कुणी विचारतं का? मिस्त्री म्हणाले, "काही नाही." त्यांना फणफणून ताप असला तरी ते हेच म्हणतात. मावशींनी मात्र तोंड सोडलं — भुशाने खोकला, स्पिरिटच्या वासाने डोकं, न्हाणीघराची कडी लागत नाही म्हणून आत बसून गाणं म्हणावं लागतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मला विचारलं. मी म्हटलं, "मला काही नाही." त्या माझ्या पाठीकडे बघत होत्या. मग भलतंच विचारलं, "तुझ्या या कोपऱ्यात ऊन कुठपर्यंत येतं? गारठा लागतो का दिवसभर बसलं तर?"

माझ्या कोपऱ्याशी यांना काय करायचंय?

शुक्रवार, ८ मार्च

कारण उघड आहे म्हणतात सगळे. पुलापलीकडे नवा कारखाना निघालाय, आपली माणसं एकेक करून तिकडे चाललीत. गेल्या महिन्यात डावराही गेला. सांधे जोडण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं, आणि तो हातही डावा. तेव्हापासून बाईंना झोप नाही. मावशी म्हणतात, "माणसं कामाला कंटाळून जात नाहीत गं, जागेला कंटाळून जातात. कळलं तिला. बापाला जन्मात नाही कळलं."

असेलही. पण मी बाटल्यांच्या कारखान्यात होते ना. तिथे एक दिवस सगळ्यांना नवे एप्रन दिले, प्रत्येकीच्या खिशावर तिचं नाव दोऱ्याने भरलेलं. मुकादम हसून बोलला. पुढच्या सोमवारी गेलो तर दाराला कुलूप! एप्रन अजून आहे माझ्याकडे. खिडकीच्या काचा पुसायला चांगला आहे.

त्याआधी अंडी भरायच्या कामावर, त्याआधी जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटांवर — कुठेही बघा, हाकलायच्या आधी गोड बोलतात. बकऱ्याला पाला घालतात तो काय त्याच्या तब्येतीसाठी?

पाळण्यावरून आठवलं. तिथला तो पाळणेवाला स्वतः कधी पाळण्यात बसला नव्हता. त्याला चक्कर यायची. जाऊ दे.

सोमवार, ११ मार्च

भुसा ओढून घेणारा पंखा बसला. न्हाणीघराला कडी लागली. मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता गाणं कशासाठी म्हणायचं?" चेहरा जरा उतरलेलाच होता.

पण न्हाणीघराच्या भिंतीला एक लोखंडी दांडाही बसवलाय. जाडजूड. मिस्त्री म्हणतात टॉवेल टांगायला. मी लोंबकळून पाहिलं, हलला नाही. एवढा कसला टॉवेल?

बुधवार, १३ मार्च

बाईंनी सगळ्यांना मधोमध बोलावून सांगितलं — प्रत्येकाने आपापली खुर्ची करायची. कारखान्याचं लाकूड, कारखान्याचा वेळ. "तुमची तुम्ही. तुमच्या मापाची. इथेच राहील, तुम्ही काम करताना बसायला."

कुणीतरी ठेवणीतलं खोकलं.

नंतर चहाला कुजबुज. (चहाही आता काचेच्या ग्लासाऐवजी कपात मिळतो. कान असलेला कप. बोटं भाजत नाहीत.) मिस्त्री म्हणाले, "ही परीक्षा आहे. ज्याची खुर्ची चांगली तो राहणार, बाकीचे घरी." आणि ते पटलं सगळ्यांना. मला तर आधीच पटलं होतं.

मी खुर्ची करणार नाही. एक तर मला सांगाडा येत नाही, मिस्त्री करून देतो म्हणाले तरी. आणि खुर्ची म्हणजे खुंटा. आपल्या हाताने ठोकायचा आणि आपणच दावं गळ्यात घालून उभं राहायचं? माझी पिशवी खाटेखाली भरलेलीच असते. गेल्या सगळ्या खोल्यांमध्ये भरलेलीच होती.

रविवार, १७ मार्च

ताईचा फोन.

"अजून तिथेच?"

"हो."

"बरी आहेस ना? ताप-बीप?"

"का गं?"

"नाही, एवढे महिने एका जागी. दूधसुद्धा तुझ्यापेक्षा लवकर उतू जातं."

मग तिच्या धाकट्याने फोन ओढून घेतला आणि मला कुत्र्याचा आवाज काढून दाखवला. चांगला काढतो. मी मांजराचा काढला. घरमालकिणीचं मांजर दचकून उठलं. विषय तिथेच राहिला, बरं झालं. ताईला हे कुठे सांगू, की हल्ली मला सकाळी कामावर जावंसं वाटतं. वाईट लक्षण आहे. जिथे जावंसं वाटतं तिथूनच काढतात.

बुधवार, २० मार्च

आज जे झालं त्यावर हसावं की काय.

सगळ्यांच्या खुर्च्या तयार झाल्या. आणि कसल्या! परीक्षा म्हटल्यावर प्रत्येकाने जीव ओतला. कुणाच्या पाठीला नक्षी, कुणाच्या पायाला वाघाचे पंजे. मिस्त्रींच्या खुर्चीच्या पाठीत सूर्य उगवतोय. त्यात कुणी टेकलं तर किरणं बरगड्यांत जातील. मावशींनी त्यांच्या खुर्चीला इतकं पॉलिश मारलं की माशी घसरेल. मापं सगळी गिऱ्हाइकाची नेहमीची. स्वतःचं माप कुणीच घेतलं नाही. उंच माणसाची खुर्ची बुटकी, मावशींचे पाय लोंबकळणार. आणि सवयीने काल संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या खुर्चीला पुठ्ठा लावला, कागद गुंडाळला, सुतळी बांधली आणि दाराशी रांगेत ठेवल्या. बाईंनी सकाळी बघाव्यात म्हणून.

सकाळी आधी टेम्पोवाला आला. दाराशी बांधलेल्या खुर्च्या म्हणजे माल. त्याने भरल्या आणि गेला. नव्या वाचनालयाची ऑर्डर होती, तिथे उतरवल्या.

बाई आल्या. "खुर्च्या कुठायत?"

मिस्त्री म्हणाले, "गेल्या."

मी मात्र कोपऱ्यात खोक्यावर बसून मनात म्हटलं — बघा. लोकांकडून फुकटात करवून घेतल्या आणि विकल्या. टेम्पोवाल्याची चूक म्हणे! अशी चूक बरी नेमकी सकाळी सकाळी होते. सगळ्यांत मी शहाणी ठरले. दिवसभर या शहाणपणात मजेत विणलं.

गुरुवार, २१ मार्च

बाई स्वतः टेम्पोत पुढे बसून गेल्या आणि खुर्च्या परत आणल्या.

एक सोडून. सूर्यवाल्या खुर्चीत वाचनालयातल्या एक आजी बसल्या होत्या आणि उठेनात. "माझी पाठ पहिल्यांदा कुठेतरी टेकली," म्हणाल्या. बाईंनी ती तिथेच सोडली. मिस्त्रींनी हे ऐकलं, कानावरची पेन्सिल काढली, परत लावली, आणि पाणी प्यायला गेले. बराच वेळ पाणीच पीत होते.

मग बाई म्हणाल्या, "बसा."

कुणी बसेना. प्रत्येकजण आपल्या खुर्चीमागे हात बांधून उभा. बाईंनी एकेकाला खांदे धरून बसवलं. आणि बसल्यावर कळलं, एकही खुर्ची ज्याची त्याला होत नाही! मावशी पाय हलवत म्हणाल्या, "अगं बाई, मी तर पाळण्यात." हसून हसून पुरेवाट. शेवटी आपापसात बदलल्या. ज्याला जी बसली ती त्याची. मिस्त्रींनी स्वतःला एक साधी फळीची ठोकून घेतली. कुणी परीक्षा घेतली नाही. कुणाला काढलं नाही.

मी हसले नाही. म्हणजे थोडी हसले.

आता अख्ख्या कारखान्यात खोक्यावर मी एकटी.

शनिवार, २३ मार्च

दाराचा उंबरा काढला. तिथे लाकडी उतार केला, वरून खरबरीत पट्ट्या मारल्या, घसरू नये म्हणून. मिस्त्रींना विचारलं. "सामान आत-बाहेर करायला बरं," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता रंध्याचं पातं काढून पुसायला लागले. पातं स्वच्छ होतं.

उंबऱ्यावरून काय ढकलत आणतात? मशीन.

डावरा मागे पुलावर भेटला होता तेव्हा म्हणाला होता, "आमच्याकडे वेत मशीनवर विणून येतो, गुंडाळीच्या गुंडाळी. माणूस लागतच नाही. एक जण बसून बटण दाबतो." तिकडे गार हवा आहे, म्हणाला, पण बाहेर जायचं तर कार्ड दाखवावं लागतं, आतून बाहेर जायलासुद्धा. "ये तरी, तुझी सोय करतो."

माझा कोपरा, ऊन कुठपर्यंत येतं, आता उंबरा आणि उतार. माझ्या कोपऱ्यात मशीन बसणार. सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या, मला बसायलाच कोपरा नाही उरणार. किडा उगाच वळवळत नव्हता.

मंगळवार, २६ मार्च

एक जास्तीची खुर्ची आली माझ्याकडे, विणायला.

मिस्त्रींनी स्वतः केलेली. नक्षी नाही, सूर्य नाही. बैठक नेहमीपेक्षा उंच. दोन्ही हात रुंद, डावा तर अगदी पाटासारखा आणि त्याच्या कडेला उभी पट्टी, वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून. मशीनवाल्याला सामान ठेवायला, नाहीतर कशाला?

"कुणाची?" मी विचारलं.

"मापं आली तशी केली," मिस्त्री म्हणाले. मग जाता जाता, "नीट विण हं, भिंगरी."

मावशी मला भिंगरी म्हणतात, एका जागी टिकत नाही म्हणून. मिस्त्रींनी आज पहिल्यांदा म्हटलं. म्हणजे मी जाणार हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या जागी येणाऱ्याची खुर्ची माझ्याकडूनच विणून घेतायत, आणि वर गोड बोलतायत.

शुक्रवार, २९ मार्च

विणून दिली खुर्ची.

इथे लिहिते, इथे नाही तर कुठे — ढिली विणली. पहिले उभे पदर ताणलेच नाहीत. भोकात खुंटी ठोकली, पण पट्टी हाताने ओढून बघितली नाही. वरून आडवे-तिरपे असे बसवले की दिसायला देखणी. नवा माणूस बसेल, बैठक झोळीसारखी खाली जाईल. गुडघे नाकाशी. मग दाब म्हणावं बटण.

बाईंनी वीण बोटांनी चाचपली. त्यांना त्यातलं कळत नाही. "किती सुंदर," म्हणाल्या. मग माझ्या खोक्याकडे बघून, "तू अजून खुर्ची घेतली नाहीस. मी वाट बघतेय."

कसली वाट बघतायत? मी जायची?

खुर्ची त्यांनी माझ्याच कोपऱ्यात, खोक्याशेजारी खिडकीपाशी ठेवायला लावली. सकाळचं ऊन बरोबर तिच्या पायांपर्यंत येतं.

रविवार, ३१ मार्च

दिवसभर खाटेवर. घरमालकीण म्हणाली, "सुट्टी आहे तर फिरून ये." मी, आणि फिरायचा कंटाळा! मावशींचा खोकला बंद झालाय. हे मला आत्ता, असंच, आठवलं. पंखा लागल्यापासून एकदाही खोकल्या नाहीत. आणि पंख्यानंतर कुणी काम सोडून गेलेलंही नाही.

पण त्याने माझं काय होतं? डावऱ्याला निरोप धाडला. मंगळवारी येते म्हटलं. काढून टाकण्याआधी आपण निघावं, एवढं तरी मला आयुष्यात जमतं.

सोमवार, १ एप्रिल

मावशींनी जेवताना त्यांच्या खुर्चीच्या हातावर मला बसवलं. "अर्धी तुझी," म्हणाल्या. उद्या निघतेय हे सांगितलं नाही.

मंगळवार, २ एप्रिल. कारखान्यातूनच.

मागे टाकीपाशी आहे. वेत भिजतोय, मऊ व्हायला वेळ लागेल, तेवढ्यात लिहिते. वही पिशवीत होती. पिशवी पाठीला होती, कारण आज निघणारच होते. मावशींना भेटून पुलाकडे, एवढंच ठरलं होतं.

मालक आलेत.

उतारावरून, एका हाताला बाई, दुसऱ्याला मिस्त्री. डावा पाय ओढत, डावा हात पोटाशी लोंबता. तोंड एका बाजूला वाकडं. घोडा म्हणायचे त्यांना. मला वाटलं होतं दारात मावणार नाहीत. ते दिसताच सगळे आपापल्या खुर्चीतून उठून उभे राहिले. मालकांनी उजव्या हाताने खुणावलं, बसा. कुणी बसलं नाही.

"घरी एकटे ठेवता येत नाहीत," बाई मला हळू म्हणाल्या. "आणि दुसरं कुणी त्यांच्याशेजारी बसणार नाही गं. सगळ्यांनी बोलणी खाल्लीत त्यांची. तू तेवढी नाही. उजव्या हाताने जमेल तेवढं विणायला शिकवशील?"

मशीन नाही. माझ्या कोपऱ्यातलं ऊन, उंबरा, दांडा, पाटासारखा हात, सगळं यांच्यासाठी. बाप बसणार म्हणून जागा बसण्यासारखी केली. आमच्यासाठी आधी का नाही सुचलं, ते बाईंना एकदा विचारणार आहे मी. सोडणार नाही.

मालक खुर्चीपाशी आले. बैठकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. अर्ध्या तोंडाने, अस्पष्ट, पण कळलं —

"बसू?"

त्या झोळीत बसलेला माणूस एका हाताने पुन्हा उठला नसता.

मी म्हटलं, "नको."

बाईंचा चेहरा पडला. मी खोकं पुढे सरकवलं. मालक बसलेत त्यावर, मधली फळी त्यांनाही चिमटे काढत असणार. त्यांच्यासमोर सगळी वीण कापून काढली आणि इथे आले. आता पहिल्या पदरापासून. वेत मऊ झाला. पिशवी अजून पाठीला आहे, तिने वाकता येत नाही. काढून ठेवते.